शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी पुराची वही काढा

शिरोळ तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात चार वर्षे काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षण एमबीबीएस, वय २९, सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घेण्याची इच्छा, आणि परदेशातील शुल्क भरण्याची घरची ऐपत नाही. मोठ्या शिष्यवृत्त्या ‘भावी नेतृत्व’ शोधतात असे सगळीकडे लिहिलेले असते, पण ‘मी रोज ओपीडी पाहतो, महिनाअखेरीस अहवाल भरतो, पुराच्या वेळी दिवस भरत आलेल्या गरोदर मातांना आधीच हलवले, तेवढेच काय ते वेगळे, मग नेतृत्व म्हणून लिहू काय, आणि माझ्यासारख्यासाठी कोणती शिष्यवृत्ती आहे?’

डॉक्टर, दीड पानांच्या तुमच्या प्रश्नात पुराला एकच वाक्य मिळाले आहे आणि शिबिरे, प्रमाणपत्रे, वक्तृत्व स्पर्धा यांना पाऊण पान. अर्जातही हेच प्रमाण राहिले, तर तो पहिल्या चाळणीत बाजूला पडेल. म्हणून शिष्यवृत्त्यांच्या नावांकडे वळण्याआधी त्या एका वाक्यापाशी थांबू.

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोहोचले की इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापूर जिल्ह्यातील शाळकरी पोरालाही पाठ असते. तुमच्या भागात मात्र तेवढ्यावर भागत नाही, कारण नृसिंहवाडीला कृष्णा येऊन मिळते आणि तिचे पाणी चढले की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही. म्हणजे मातांना केव्हा हलवायचे, याचा निर्णय तुम्हाला दोन नद्या पाहून घ्यावा लागला असणार. तो कोणी घेतला, कोणत्या आकड्यावर घेतला? यादी आशांच्या वह्यांतून केली की केंद्राच्या नोंदवहीतून? दिवस भरायला किती आठवडे उरलेल्या माता धरल्या? १०२ ची रुग्णवाहिका सगळ्यांना पुरली का, नसेल तर उरलेल्या कशा गेल्या? कोणी ग्रामीण रुग्णालयात गेले, कोणी जयसिंगपूरला पाहुण्यांकडे. आणि ज्या आल्या नाहीत त्या का आल्या नाहीत? गोठ्यातली जनावरे सोडून घर हलत नाही, हा २०१९ च्या महापुराने सगळ्यांना शिकवलेला धडा आहे. तेव्हा सुनेला हलवायचे तर आधी म्हशीची सोय लावावी लागते, हे तुमच्या एखाद्या आशाताईंनी तुम्हाला सांगितले असेलच. आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: पुढच्या जुलैत तुमची बदली गगनबावड्याला झाली, तर ती यादी कोणी करील का?

निवड समितीवर बसलेल्यांना नेतृत्व या शब्दात काय हवे असते, याचे अनेक पाठ शिकवले जातात. अर्ज तपासून देताना मी एकच कसोटी लावतो, ती म्हणजे बदलीनंतरही चालू राहिलेले काम. पद, सत्कार, भाषण हे सगळे तुमच्याबरोबर जाते. मागे राहते ते दाखवा.

हे मला उशिरा कळले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या केंद्राच्या हद्दीतील एका गावात काविळीचे रुग्ण निघू लागले, आणि तेही गावाच्या एका टोकाच्या दोन गल्ल्यांतच. मी धावत जाऊन मागच्या आठवड्याच्या पाणी तपासणीच्या नोंदी पाहिल्या; वहीत रोज ‘ओटी पॉझिटिव्ह’, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, असे लिहिलेले होते, आणि मी निर्धास्त झालो. ही चूक दुहेरी होती. ई प्रकारच्या काविळीचा अधिशयन काळ दोन ते दहा आठवड्यांचा असतो, म्हणजे आज आजारी पडलेल्या माणसाने दूषित पाणी प्यायले ते साधारण महिना-दीड महिन्यापूर्वी, आणि मी पाहत होतो मागचा आठवडा. दुसरी चूक चाचणी कोठे होते हे न विचारण्याची होती. नळाला पाणी सोडणाऱ्या जलसुरक्षकानेच नंतर सांगितले की नमुना टाकीखालच्या पहिल्या नळाचा घेतात, आणि त्या टोकाच्या गल्लीत गटारीच्या कामासाठी महिन्यापूर्वी खोदाई झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटण्याच्या वेळी मी त्या गल्लीतल्या शेवटच्या घरासमोर परीक्षानळी घेऊन उभा राहिलो. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, नळी हलवली, उजेडासमोर धरली. पिवळेपणाचा, म्हणजे क्लोरीनचा, मागमूस नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “डॉक्टर, पाणी चांगलं स्वच्छ दिसतंय की.” त्या स्वच्छतेचीच मला धास्ती वाटली.

मी तेव्हा तरुण होतो, त्यामुळे पहिला विचार आरोग्य सेवकाला नोटीस काढण्याचा आला. सुदैवाने तालुक्यातील एका ज्येष्ठ आरोग्य सहायकांनी मला थांबवून ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत नेले. तेथे टीसीएल पावडरचे मोठे पोते तोंड उघडे ठेवून भिंतीला टेकवलेले होते. ओल लागून तिचे गठ्ठे झाले होते. ब्लीचिंग पावडर उघड्यावर राहिली की तिच्यातील क्लोरीन उडून जातो, हे पुस्तकात मी वाचले होते, पण पोते पाहायला गेलो नव्हतो. पुढे ग्रामपंचायतीने एकदम मोठी खरेदी करण्याऐवजी लहान, बंद पिशव्या घ्यायला सुरुवात केली, खोदाईत फुटलेला नळाचा जोड बदलला, आणि रोजची चाचणी टाकीखाली न करता शेवटच्या घराच्या नळावर करायची आणि तिचा निकाल चावडीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचा, असे ठरले. नळी धरायचे काम आशाताईंकडे आले. माझी बदली झाली. तीन वर्षांनी त्या रस्त्याने जाताना मुद्दाम गाडी थांबवली, तर फळ्यावर त्या दिवसाची तारीख होती.

परदेशी शिष्यवृत्तीच्या माझ्या पहिल्या अर्जात यातले एक अक्षरही नव्हते. त्यात पल्स पोलिओचे उद्दिष्ट १०० टक्के पूर्ण केल्याचे लिहिले होते, आणि ते तर जिल्ह्यातल्या प्रत्येकानेच केले होते. अर्ज नाकारला गेला, आणि तो योग्यच नाकारला गेला असे मला आज वाटते.

महाराष्ट्रात या विषयाचे दोन मोठे दाखले आहेत, आणि दोन्हींचा क्रम सारखा आहे: आधी प्रश्न, मग विद्यापीठ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यात काम करायचे हे आधी ठरवले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला काम उभे केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही वर्धा जिल्ह्यात काम केल्यानंतर जॉन्स हॉपकिन्सलाच शिक्षण घेतले. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा प्रश्न अभय बंगांनी त्याआधीच आकडेवारीने लढवला होता. परत आल्यावर त्यांनी गडचिरोलीत नवजात बालकांचा प्रश्न हाती घेतला, गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले, ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला, आणि आज तुमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करतात त्याच्या मुळाशी ते काम आहे. तुलनेची ४७ गावे नसती, तर ते सत्कार्य म्हणून गौरवले गेले असते आणि तेथेच संपले असते. तुलना कशी करायची, हे विद्यापीठ शिकवते. कशाची करायची, हे मात्र येथूनच घेऊन जावे लागते.

आता शिष्यवृत्त्यांकडे. सगळ्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही. तुमच्या स्थितीला लागू पडणाऱ्यांवरच लिहितो.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती १९८३ पासून चालू आहे आणि तुमच्यासाठी मी तिलाच पहिला क्रमांक देईन. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क, निर्वाह भत्ता आणि प्रवास तीत येतो. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि वयाची अट नाही. अभ्यासक्रम संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. अर्ज साधारणपणे ऑगस्टमध्ये खुले होतात आणि शरद ऋतूतच बंद होतात, म्हणजे आपल्याकडे पूर ओसरून पंचनामे चालू असतात नेमके तेव्हा. हे लक्षात ठेवून निबंध उन्हाळ्यातच लिहून ठेवा. निबंध नेतृत्व, माणसे जोडणे, अभ्यासक्रमाची निवड आणि परतल्यानंतरची योजना यांवर असतात. माणसे जोडण्याच्या निबंधात आपले डॉक्टर मोठमोठ्या परिषदांची नावे लिहितात. सरपंच, तलाठी, दूध संघाचा टेम्पोवाला आणि आशांच्या गटप्रवर्तक यांना एका रात्रीत एकत्र आणून माता हलवल्या असतील, तर याहून चांगले जाळे कोणते? अभ्यासक्रमाच्या तीन पसंती द्याव्या लागतात. तिन्ही एकाच दिशेच्या असू द्या. एक साथरोगशास्त्राचा, एक रुग्णालय व्यवस्थापनाचा आणि एक आरोग्य अर्थशास्त्राचा असे तीन निवडले, की तुम्हाला नक्की काय करायचे आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही असे दिसते.

राष्ट्रकुल शिष्यवृत्त्यांचा भर व्यक्तीपेक्षा विकासावर होणाऱ्या परिणामावर असतो, आणि आरोग्य व्यवस्था बळकट करणे हा त्यांच्या ठरलेल्या विषयांपैकी एक आहे. त्यांतील ‘शेअर्ड’ प्रकार ज्यांना स्वखर्चाने ब्रिटनमध्ये शिकणे शक्य नाही अशांसाठीच आहे; तुमचा पुराचा विषय तेथेही बसतो. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य येते आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, पण त्या देशातील निधीचे वारे बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची सूचना प्रत्यक्ष वाचूनच वेळ घालवा. जर्मनीच्या डाड संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती दोन वर्षांच्या अनुभवावर मिळते, मात्र पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तुमच्या वयाला हा दरवाजा लवकर बंद होणार आहे. युरोपात एरास्मुस मुंडूसचा सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, पण दोन वर्षे रजा मिळणे आपल्या सेवेत किती कठीण आहे हे तुम्ही जाणताच.

शासनाच्या शिष्यवृत्त्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि ते कोल्हापूरकराला शोभत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’मार्फत आणि इतर मागासवर्गासाठी स्वतंत्र योजना आहेत. तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता हे लिहिलेले नाही. येत असाल तर संकोच न करता अर्ज करा. येथे एक खाच आहे, जी अनेकांना प्रवेश मिळाल्यावर कळते. या योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनसारखी संस्था सार्वजनिक आरोग्यात जगात अव्वल मानली जाते, पण एकाच क्षेत्राला वाहिलेली असल्याने सर्वसाधारण क्रमवारीत तिचे नावच नसते; ती विषयवार क्रमवारीत दिसते. तेव्हा विद्यापीठ निवडण्याआधी त्या वर्षीच्या शासन निर्णयात कोणती क्रमवारी म्हटली आहे ते ओळ न् ओळ वाचा.

आणि ‘५० टक्के शिष्यवृत्ती मिळाली’ असे विद्यापीठाचे पत्र आले, तर पेढे वाटण्याआधी उरलेल्या ५० टक्क्यांचे कर्ज किती होते ते मोजा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पगारावर ते फेडता येत नाही, आणि मग माणूस परत येत नाही. याला मी माणसाचा दोष मानत नाही. हिशेबच तसा असतो.

देशातल्या मार्गाला दुय्यम समजू नका. साथरोगाचा माग काढायला मी तेथेच शिकलो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे प्रशिक्षण चालते, आणि त्याची खुबी अशी की वर्गातला काळ थोडा आणि आपल्याच जिल्ह्यातला काळ जास्त. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा दोन वर्षांचा एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला. त्याचा नमुना अमेरिकेत १९५१ मध्ये उभा राहिलेल्या त्याच नावाच्या सेवेचा आहे. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ मध्ये देशातील पहिला एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीचा, अभ्यासक्रम सुरू झाला, आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. तसे काही पुन्हा घडले, तर लंडनच्या पदवीपेक्षा रुग्णांची ओळयादी (एका ओळीत एका रुग्णाची माहिती) आणि त्यांची घरे दाखवणारा ठिपक्यांचा नकाशा दोन दिवसांत तयार करणारा माणूस जिल्ह्याला आधी लागेल. हे कौशल्य शिकून, त्यावर दोन-तीन वर्षे काम करून मग चेव्हनिंगला अर्ज केला, तर तो अधिक वजनदार होतो. माझे प्रांजळ मत विचाराल, तर २९ व्या वर्षी घाई करण्याचे कारण नाही.

परतल्यावर काय, हा निबंध सगळे जण शेवटी लिहितात आणि सर्वांत पोकळ लिहितात. कोल्हापूरला या बाबतीत जुनी परंपरा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन निघाल्या, तेव्हा येथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या), स्त्री विभागाची जबाबदारी कोल्हापूर संस्थानाने त्यांना देऊ केली होती. पदभार घेण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे शाहू महाराजांच्या काळात संस्थानाने कृष्णाबाई केळवकरांना शिष्यवृत्ती देऊन डॉक्टर केले, विलायतेला पाठवले आणि त्याच रुग्णालयात काम दिले. दोन्ही वेळा माणसाबरोबर जागेचाही विचार झाला होता. आज तशी जागा आपोआप तयार नसते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारण्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, पण परत आल्यावर पुन्हा त्याच ओपीडीच्या खुर्चीत बसावे लागलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून ‘धोरणनिर्मितीत योगदान देईन’ असे लिहू नका. जिल्हा सर्वेक्षण कक्षात, तालुका आरोग्य अधिकारी म्हणून किंवा पूररेषेतील केंद्रांच्या आराखड्यावर, यांपैकी कोणत्या खुर्चीत बसून कोणते काम करणार ते लिहा, आणि जाण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी त्यावर प्रत्यक्ष बोला. तुम्ही नियमित सेवेत आहात की कंत्राटी, हेही लिहिलेले नाही. नियमित असाल तर अध्ययन रजा आणि बंधपत्राचे नियम आस्थापना शाखेत बसून वाचून घ्या, आणि ना हरकत प्रमाणपत्राची फाइल प्रवेशपत्राची वाट न पाहता आधीच हलवा. माझी फाइल एका कार्यालयात साडेचार महिने एकाच टेबलावर होती. कोणाचा विरोध नव्हता, फक्त एक प्रत जोडायची राहिली होती.

शिफारसपत्र मागायला गेलात की वरिष्ठ बहुधा म्हणतील, “तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो.” तयार पत्र नेऊ नका. तुम्ही काय केले, कोणत्या तारखेला, त्यात ते स्वतः कोठे उपस्थित होते, याचा एक पानी तपशील न्या आणि त्यांच्याच शब्दांत लिहायची विनंती करा. निबंध आणि शिफारसपत्र एकाच हाताचे असले की वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळते. निबंध लिहून देणारी दुकानेही हल्ली बरीच झाली आहेत. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ या वाक्याने सुरू होणारे एकाच साच्यातले चार निबंध एका हंगामात माझ्याकडे तपासायला आले होते.

तुमचा निबंध कसा सुरू व्हावा, ते सांगतो. आमच्या केंद्राच्या हद्दीत प्रसूतीला चार आठवडे किंवा त्याहून कमी उरलेल्या इतक्या माता होत्या. त्यांपैकी इतक्या पाणी रस्त्यावर येण्याआधी हलल्या. इतक्या आल्या नाहीत आणि त्यांची कारणे ही होती. इतक्यांची प्रसूती पुराच्या दिवसांत झाली आणि ती येथे येथे झाली. या ‘इतक्या’च्या जागी आकडे भरायला तुम्हाला त्या जुलैची नोंदवही, आशांच्या वह्या आणि १०२ च्या गाडीचे लॉगबुक लागेल. न आलेल्यांचा आकडा लपवू नका. मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ त्याच आकड्यावर बोलणे होईल. तो तक्ता भरून झाला की मला पाठवा, शिष्यवृत्ती कोणती हे मग एका बैठकीत ठरवू. आणि पुढच्या पावसाळ्याची यादी या वेळी तुम्ही स्वतः करू नका. गटप्रवर्तकांना करू द्या आणि तुम्ही ती फक्त तपासा.